मुद्रा आणि माणूस

मराठी भाषेत 'मुद्रा' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. राजाज्ञेवर उमटविलेला शिक्का ही मुद्रा, आणि माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटून जाणारा भाव हीदेखील मुद्राच. पहिलीने ओळख पटते. दुसरीने ओळख होते. या दोन गोष्टींत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर कचेरीतील ओळखपत्रावर चिकटविलेला फोटो आणि एखाद्या कसलेल्या छायाचित्रकाराने काढलेले व्यक्तिचित्र यांत असते. यंत्र दोन्हीकडे एकच, प्रकाश तोच आणि समोर बसलेला माणूसही कदाचित तोच. तरीही एका चित्राकडे आपण कामापुरते पाहतो आणि दुसऱ्यापुढे थबकतो. हे अंतर यंत्राने उत्पन्न केलेले नसेल, तर ते येते कोठून? छायाचित्रण ही कला आहे की कारागिरी, हा दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेला वाद वस्तुतः या एका प्रश्नाचा वाद आहे. महाराष्ट्रात व्यक्तिचित्रांचे आणि वेशभूषाचित्रांचे नामवंत छायाचित्रकार म्हणून ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले, त्या गौतम राजाध्यक्ष यांच्या कामगिरीचे मोल ठरवावयाचे तर या वादाचा इतिहास थोडा मागून पाहिला पाहिजे.

फ्रान्समधील दागेर याने शोधलेली छायाचित्रणाची कृती 19 ऑगस्ट 1839 रोजी पॅरिस येथे जगापुढे प्रसिद्ध करण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाश स्वतःच चित्र उमटवितो, ही वार्ता त्या काळच्या लोकांना जादूसारखी वाटली. परंतु या जादूपुढे बसणाऱ्याची फार परीक्षा होई. प्रारंभीच्या दिवसांत उन्हातदेखील कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावीत. जुन्या चित्रांतील माणसे इतकी गंभीर का दिसतात, याचे एक कारण त्या आधारात आहे. तितका वेळ ओठांवर खरे हसू टिकवून धरणे कोणालाही साधणारे नव्हते. पुढे 1851 साली इंग्लंडमधील आर्चर याने ओल्या काचेची रीत काढली. तिने बसण्याचा काळ काही सेकंदांवर आला. मात्र काचेला रसायन लावणे, चित्र घेणे आणि ते धुऊन काढणे ही तिन्ही कामे काच ओली असेपर्यंतच उरकावी लागत. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात ती काच किती लवकर वाळत असेल, आणि अंधाऱ्या तंबूत घामाघूम होऊन काम करणाऱ्याची काय त्रेधा उडत असेल, याची कल्पना सहज करता येईल.

अशा अडचणी असूनही ही विद्या मुंबईत फार लवकर रुजली. 1854 साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. विशेष हे की, या उद्योगात येथील माणसे पहिल्यापासून होती. डॉक्टर भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी स्वतः वैद्यकी शिकलेले होते, आणि छायाचित्रकार म्हणूनही त्यांनी नाव मिळविले. हरिश्चंद्र चिंतामण यांनी एल्फिन्स्टनच्या त्या वर्गात धडे घेऊन मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि 1881 पर्यंत चालविला. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 ची. म्हणजे मुंबईत पदव्या देणारी संस्था निघण्यापूर्वीच छायाचित्रे काढावयास शिकविणारा वर्ग निघाला होता. नव्या विद्येला आपल्या लोकांनी दाखविलेली ही तत्परता ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तथापि, यंत्र कोणाच्या हाती आहे आणि त्यापुढे कोण उभा आहे, यावर चित्राचे स्वरूप ठरू लागले. विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतील छायाचित्रकाराने येथील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची चित्रे काढून त्यांचे दोन भाग 1863 आणि 1866 साली प्रसिद्ध केले. त्याची युक्ती अशी की, माणसे स्टुडिओत उभी करून त्यांचे चित्र घ्यावयाचे, आणि मग त्या आकृती कापून दुसऱ्याच एखाद्या देवळाच्या किंवा रस्त्याच्या चित्रावर बसवावयाच्या. छायाचित्र खोटे बोलत नाही असे जे म्हणतात, त्यांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे. छायाचित्रणाचे वय पंचवीस वर्षांचेही झाले नव्हते, तोच कात्री आणि खळ यांनी त्याच्या खरेपणात प्रवेश केला होता.

यानंतरचा उद्योग सरकारी होता. 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. 1857 च्या उठावानंतर हिंदुस्थानातील लोकांची माहिती हाताशी असावी, अशी राज्यकर्त्यांना निकड वाटू लागली होती, आणि कॅमेरा हे त्या माहितीचे साधन बनले. या ग्रंथात शेकडो चेहरे आहेत. परंतु त्यांतील बहुतेक चेहऱ्यांखाली माणसाचे नाव नाही, तर जातीचे अथवा जमातीचे नाव आहे. चित्रातील मनुष्य कोणाचा पुत्र, कोणाचा बाप, त्याला काय आवडे, तो कशाला भिई, याची चौकशी करण्याचे कारणच नव्हते. तो एक नमुना होता. वनस्पतिशास्त्रज्ञ पाने वाळवून कागदावर चिकटवितो, तसा. भिंग उत्तम असेल, प्रकाश योग्य असेल, छपाईही नेटकी असेल. परंतु ज्या क्षणी समोरच्या माणसाचे नाव अनावश्यक ठरले, त्या क्षणी ते चित्र शिक्का झाले.

याच्या उलट प्रकार राजा दीनदयाळ यांच्या कामात दिसतो. 1844 साली मीरतजवळच्या सरधना येथे जन्मलेले आणि रुरकीच्या महाविद्यालयात स्थापत्य शिकलेले हे गृहस्थ इंदुरास नोकरीला लागले व तेथे छायाचित्रणाकडे वळले. पुढे हैदराबादच्या निजामांनी त्यांना आश्रय व किताब दिला. 1896 साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. त्यांच्या चित्रांतील सरदार, सावकार आणि गृहस्थ स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या ऐटीत बसलेले असत. हैदराबादेत 1892 साली त्यांनी पडदानशीन स्त्रियांकरिता स्वतंत्र स्टुडिओ काढून तो एका युरोपियन बाईंच्या हाती दिला, ही गोष्ट लहान दिसली तरी मोठी आहे. समोर बसणाऱ्या व्यक्तीचा संकोच हा चित्राच्या आड येणारा अडथळा आहे, आणि तो दूर करणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्य आहे, हे ज्याला कळले त्याला व्यक्तिचित्राचे अर्धे मर्म कळले.

हा संकोच नुसत्या पडद्याचा नव्हता, भीतीचाही होता. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी छायाचित्रकार होते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांच्या धंद्याला एका समजुतीने मोठा अडथळा केला, असे सांगतात. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो, अशी ती समजूत होती. आज आपण तिला हसतो. तथापि तिच्या मुळाशी असलेली शंका सर्वस्वी अडाणीपणाची होती काय? कोणीतरी परका माणूस यंत्र घेऊन येतो, आपली आकृती घेऊन निघून जातो, आणि पुढे तिचे काय होते याचा पत्ता लागत नाही. आपले काहीतरी गेले, असे त्या माणसाला वाटले तर त्यात नवल नाही. ज्यांच्या आकृती जमातीच्या नावाखाली लंडनच्या ग्रंथात जाऊन बसल्या, त्यांचे खरोखरच काहीतरी गेले होते.

मराठी समाजात ही भीती मोडून तिच्या जागी हौस आणण्याचे श्रेय पुष्कळसे रंगभूमीला द्यावे लागेल. बालगंधर्वांची स्त्रीभूमिकेतील छायाचित्रे मराठी घरांच्या भिंतींवर झळकू लागली, आणि त्यांची लुगडे नेसण्याची ढब, त्यांचे केस बांधण्याचे वळण, त्यांच्या अलंकारांची निवड यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. वेशभूषाचित्र म्हणून आज ज्याला स्वतंत्र शाखेचा मान आहे, त्याची बीजे मराठी मुलखात अशी पेरली गेली. आणि तीही एका पुरुषाने धारण केलेल्या स्त्रीवेषातून! लग्नानंतर जोडप्याने फोटो काढून घ्यावयाचा, मुलाला पहिले जरीचे कुंचडे घातले की स्टुडिओत न्यावयाचे, वडीलधाऱ्यांचा एखादा तरी फोटो घरात असावयाचा, असा प्रघात हळूहळू पडला. स्टुडिओवाला रंगवलेला पडदा मागे सोडी, एक वेताची खुर्ची पुढे ठेवी आणि "हनुवटी जरा खाली" असे म्हणून काळ्या कापडाखाली शिरे. नंदुरबार, शहादे, तळोदे यांसारख्या तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील गावांत राहणाऱ्या कुटुंबांनाही घरातल्या जुन्या पेटीत शोधले तर असे एखादे पिवळे पडलेले चित्र सापडण्याचा संभव आहे.

एवढे सर्व होऊनही ही कला होय काय, हा प्रश्न उरलाच. फ्रेंच कवी बोदलेअर याने 1859 सालीच छायाचित्रणावर कडक टीका केली. विद्या आणि कला यांची विनम्र दासी म्हणून तिने राहावे, कल्पनेच्या प्रांतात पाऊल टाकू नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याला उत्तर लेखाने मिळाले नाही, चित्रांनी मिळाले. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या इंग्रज बाईंच्या हाती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने भेट दिलेला कॅमेरा आला. त्यांनी कवी टेनिसन, ज्योतिषी हर्शेल यांसारख्या पुरुषांची चित्रे अगदी जवळून, किंचित धूसर अशी काढली. चित्र स्पष्ट नाही म्हणून त्या काळच्या जाणत्यांनी नाके मुरडली. आज ते जाणते विस्मृतीत गेले आहेत, आणि हर्शेल म्हटले की त्या बाईंनी काढलेला तो विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा, दूर कोठेतरी पाहणारा वृद्ध चेहराच डोळ्यांपुढे येतो. स्पष्टपणा हे यंत्राचे सामर्थ्य होते. कोठे स्पष्ट असावे आणि कोठे नसावे, हा निर्णय माणसाचा होता.

हाच मुद्दा अमेरिकेत न्यायालयापुढे आला. न्यूयॉर्कच्या नेपोलियन सरोनी नावाच्या छायाचित्रकाराने 1882 साली ऑस्कर वाइल्ड या लेखकाची चित्रे काढली. त्यांतील एका चित्राच्या प्रती एका कंपनीने परवानगीवाचून छापल्या आणि बचाव असा केला की, छायाचित्र हे यंत्राचे काम असल्याने त्याला कर्ताच नसतो. 1884 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. माणसाला कसे बसवावे, त्याने काय ल्यावे, छायाप्रकाश कसा योजावा, चेहऱ्यावर कोणता भाव जागा करावा हे ज्याने ठरविले तो त्या चित्राचा कर्ता होय, असा निर्णय झाला. आपल्याकडील 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तर छायाचित्राची गणना चित्र व शिल्प यांच्याच पंक्तीत कलाकृती म्हणून केलेली आहे. आणि मोबदला देऊन कोणी फोटो काढवून घेतला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याच्या हक्काचा पहिला मालक काढवून घेणाराच समजावा, अशीही त्यात तरतूद आहे. कायद्याच्या रूक्ष भाषेत एक सुंदर सत्य सांगितले गेले आहे. व्यक्तिचित्राचे धनी दोन असतात: एक यंत्रामागचा आणि एक यंत्रापुढचा.

वस्त्रांच्या चित्रणाला कलेची प्रतिष्ठा मिळाली ती याहून उशिरा. 1911 साली एडवर्ड स्टायकेन याने पॅरिसचा प्रसिद्ध वेशकार पॉल प्वारे याच्या पोशाखांची छायाचित्रे एका फ्रेंच कलामासिकासाठी काढली. कपडा विकण्यासाठी काढलेले चित्र कपडा विसरूनही पाहावेसे वाटावे, ही कल्पना तेथून दृढ झाली. आपल्या पैठणीचेच उदाहरण घ्यावे. समोरून झगझगीत प्रकाश टाकला तर जर नुसती पांढरी चमकते आणि रेशमाचा पोत मरून जातो. तोच प्रकाश बाजूने, तिरपा आणि सौम्य येऊ दिला, तर निऱ्यांच्या घड्या उठून दिसतात, पदरावरचा मोर वेगळा निघतो आणि नेसणारीच्या मुद्रेशी त्या वस्त्राचे नाते जुळते. वेशभूषाचित्रकाराला हे शास्त्र हस्तगत असावे लागते.

गौतम राजाध्यक्ष यांचा जन्म 16 सप्टेंबर 1950 रोजी मुंबई येथे झाला. सेंट झेवियर महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी त्याच विषयाचे अध्यापन केले. छायाचित्रण ही मुळात चांदीच्या क्षारांची किमया असल्याने रसायनशास्त्राचा अध्यापक कॅमेऱ्याकडे वळावा, यात एक औचित्य आहे. 1974 साली ते 'लिंटास' या जाहिरातसंस्थेत दाखल झाले आणि तिच्या छायाचित्र विभागात काम करू लागले. 1980 च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम यांसारख्या कलावंतांची चित्रे काढून त्यांनी वेशभूषाचित्रणात प्रवेश केला, आणि 1987 साली नोकरी सोडून हाच आपला पूर्ण वेळचा व्यवसाय केला. त्यानंतर सुमारे पाव शतक हिंदी चित्रसृष्टीतील क्वचितच एखादा मोठा चेहरा त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटला असेल. 1997 साली निघालेल्या त्यांच्या 'फेसेस' या ग्रंथात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंत पंचेचाळीस कलावंतांच्या मुद्रा आहेत. 'चेहरे' या नावाचे त्यांचे मराठी पुस्तकही रसिकांच्या संग्रही आहे. ते नुसते कॅमेऱ्याचे धनी नव्हते, लेखणीचेही होते. 'चंदेरी' या मराठी नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले आणि 1992 च्या 'बेखुदी' या चित्रपटाचे लेखनही केले. 13 सप्टेंबर 2011 रोजी, एकसष्टावे वर्ष पुरे होण्यास तीन दिवस उरले असताना, मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चित्रांचा विशेष कोणता? त्यांत यंत्राची कसरत दिसत नाही. पार्श्वभूमी बहुधा साधी, प्रकाश मृदू, आणि चित्राचा सर्व भार डोळ्यांवर. व्यक्तिचित्र काढणारा जाणता मनुष्य साधारणपणे लांब पल्ल्याचे भिंग वापरतो आणि समोरच्यापासून चार पावले दूर राहतो. कारण फार जवळ गेले तर नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. प्रकाश पसरट व सौम्य असला की कातडीवरील खाचखळगे बोलेनासे होतात. डोळ्यांच्या बुबुळात प्रकाशाचा एक ठिपका पडावा अशी योजना असली की चेहऱ्यात प्राण येतो. हे झाले तंत्र, आणि ते कोणत्याही होतकरू माणसाला वर्षभरात शिकता येईल. परंतु ज्या माणसाचा चेहरा हेच ज्याचे भांडवल आहे, अशा नटाला अथवा नटीला त्या भांडवलाची चिंता विसरावयास लावणे, हे वर्षभरात शिकता येणारे काम नव्हे. नट सदैव कोणाचे तरी सोंग करीत असतो. कॅमेरा दिसला की त्याच्या चेहऱ्यावर सवयीचा मुखवटा आपोआप चढतो. तो मुखवटा हलकेच खाली उतरेपर्यंत थांबण्याचा धीर आणि उतरला तरी आपल्याला धोका नाही असा विश्वास, ही राजाध्यक्षांच्या चित्रामागची खरी सामग्री होती. दुर्गाबाईंसारख्या वयोवृद्ध कलावतीच्या चेहऱ्याला जो मान द्यावयाचा, आणि पहिलाच चित्रपट करणाऱ्या मुलीच्या चेहऱ्याला जे अभय द्यावयाचे, ते दोन्ही ज्याला देता येते त्याच्याचपुढे निरनिराळ्या पिढ्यांची माणसे मोकळी होतात.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप असा की, हे सारे सुंदरांना अधिक सुंदर करून दाखविणे झाले. यात सत्य किती? सुरकुती प्रकाशाने पुसली, रात्रीच्या जागरणाची काळी वर्तुळे रंगाने झाकली, आणि मग त्याला कला म्हणावयाचे काय? या आक्षेपात तथ्य आहे. मोहक चित्रांची एक नशा असते. जी मुलगी आरशात पाहून मासिकाच्या मुखपृष्ठाशी स्वतःची तुलना करते, तिला त्या मृदू प्रकाशाची किंमत स्वतःच्या असमाधानाने मोजावी लागते. भ्रमणध्वनीतील यंत्र सांगितल्याबरोबर कातडी गोरी आणि नाक सरळ करून देऊ लागल्यापासून तर हा रोग घराघरांत शिरला आहे. परंतु राजाध्यक्षांच्या चित्रांना हा दोष सरसकट लावता येत नाही. खुशामत चेहऱ्यातील वेगळेपण पुसते आणि सर्वांना एकाच साच्यात बसविते. आदर ते वेगळेपण शोधून काढतो. ज्या चित्रसंग्रहात पंचेचाळीस चेहरे पंचेचाळीस प्रकारांनी आपल्याकडे पाहतात, तेथे नुसती खुशामत झाली असे म्हणणे न्यायाचे नाही. प्रश्न उरतो तो दुसराच. हा आदर प्रसिद्ध माणसांच्याच वाट्याला का यावा?

हा प्रश्न नंदुरबारसारख्या जिल्ह्यात उभे राहून विचारला म्हणजे त्याची धार कळते. 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातील शहादे तालुक्याच्या तेंभली गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आणि चेहऱ्याचे छायाचित्र, अशी ती ओळख. पुढे देशातील कोट्यवधी माणसे अशाच एका यंत्रापुढे बसली. शिधा, पेन्शन, शिष्यवृत्ती यांसाठी ही मुद्रा हवी, आणि ती सर्वांना समान मिळावी, यात वावगे काही नाही. ओळख पटणे हाही गरिबाचा हक्कच आहे. परंतु सातपुड्याच्या पाड्यांतून असे किती वृद्ध असतील, की ज्यांचे आयुष्यात निघालेले एकमेव छायाचित्र हेच आहे? त्यांच्या माघारी नातवाने आजीची आठवण म्हणून काय पाहावयाचे? एका कार्डावरील, समोर पाहण्याची ताकीद मिळालेला, भांबावलेला चेहरा!

याच जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबू उभारून पहाटे होळी पेटते. कित्येक दिवस व्रत पाळलेले बुध्ये अंगावर पांढरी नक्षी रेखतात, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप चढवितात, कमरेला घुंगरू आणि दुधीभोपळे बांधतात आणि रात्रभर नाचतात. वेशभूषा म्हणून पाहिले तर पॅरिसच्या वेशकारानेही मान तुकवावी अशी ही रचना आहे. ती निवडलेली आहे, अर्थपूर्ण आहे, आणि धारण करणाऱ्याच्या श्रद्धेशी बांधलेली आहे. दरवर्षी दूरदूरचे छायाचित्रकार तेथे येतात आणि उत्तम चित्रे घेऊन जातात. त्यांपैकी किती चित्रांखाली त्या नाचणाऱ्याचे नाव असते? 'आदिवासी नर्तक, सातपुडा' एवढ्यावर काम भागविले, तर दीडशे वर्षांपूर्वीचा तो आठ खंडांचा ग्रंथ अजून संपलेला नाही, असेच म्हणावे लागेल. कॅमेरा बदलला, काच गेली, रोल गेला, रसायनेही गेली; पण चेहऱ्याखाली जमात लिहून नाव गाळण्याची रीत मात्र राहिली.

छायाचित्रण ही कला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात पुरेसे स्पष्ट आहे. यंत्र आकृती देते. कला देण्यासाठी यंत्रामागच्या माणसाने समोरच्याला वेळ द्यावा लागतो, त्याचा संकोच ओळखावा लागतो आणि त्याच्या स्वतःविषयीच्या अभिमानाला जागा करून द्यावी लागते. दीनदयाळांनी पडद्यातील स्त्रियांना ती जागा दिली, कॅमेरॉनबाईंनी वृद्ध शास्त्रज्ञाला दिली, राजाध्यक्षांनी प्रसिद्धीने थकलेल्या नटनट्यांना दिली. तिला फार मोठे साहित्य लागत नाही. खिडकीतून येणारा सकाळचा तिरपा उजेड, मागे एक साधी भिंत, आणि घाई नसलेला अर्धा तास एवढे पुरते. शहरातील सुशिक्षित घरांत आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे, आणि दिवसाला शंभर चित्रे निघतात. त्यांतील एक चित्र घरी काम करणाऱ्या बाईंचे, दारावर भाजी आणणाऱ्या आजोबांचे, किंवा प्रवासात भेटलेल्या एखाद्या पाड्यावरील म्हातारीचे, त्यांना विचारून, त्यांना आवडेल त्या लुगड्यात, आवडेल त्या ठिकाणी बसवून, सावकाशीने काढावे. काढल्यावर त्याची कागदावर प्रत करून ती त्यांच्या हाती द्यावी, आणि आपल्या प्रतीच्या मागे पेन्सिलीने तारीख, गाव आणि त्यांचे पूर्ण नाव लिहून ठेवावे.